गावच्या मशिदीकडे पाहताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गावोगावच्या जुन्या, लहान मशिदींच्या इतिहासाविषयी आणि बांधणीविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. प्रश्न थोडक्यात दिले असून उत्तरांची लांबी विषयाच्या गरजेप्रमाणे कमीअधिक ठेवली आहे.

प्रश्न : पाहण्यात आलेल्या अनेक जुन्या गावमशिदींना घुमटही नाही आणि मिनारही नाही. उतरते छप्पर, लाकडी खांब आणि पुढे पडवी, अशी ती वास्तू लांबून मोठ्या घरासारखी दिसते. अशी इमारत मूळची मशीदच असते, की घराचे पुढे मशिदीत रूपांतर झालेले असते?

उत्तर : ती मूळची मशीदच असण्याची शक्यता अधिक आहे. घुमट आणि मिनार म्हणजेच मशीद, हे समीकरण आपण चित्रांवरून आणि शहरांतील भव्य वास्तूंवरून मनात पक्के केले आहे. नमाजासाठी मात्र या दोहोंपैकी एकाचीही आवश्यकता नसते. स्वच्छ जागा, मक्केतील काबागृहाची दिशा आणि खांद्याला खांदा लावून सरळ रांगेत उभे राहता येईल एवढी रुंदी, इतक्या गोष्टी असल्या की मशीद उभी राहते. बाकी सर्व त्या गावची माती, दगड, लाकूड, पाऊस आणि कारागीर ठरवतात.

इतिहासाची सुरुवातही अशाच साध्या बांधणीने होते. इ. स. 622 मध्ये मक्केहून निघालेले पैगंबर मदिनेत शिरण्यापूर्वी कुबा या वस्तीत थांबले आणि तेथे जी मशीद उभी राहिली ती इस्लामच्या इतिहासातील पहिली मशीद मानली जाते. कुबा तेव्हा मदिनेबाहेरची एक लहान वस्ती होती. म्हणजे पहिली मशीद ही अक्षरशः गावची मशीद होती. पाठोपाठ मदिनेत बांधलेल्या मशिदीच्या भिंती कच्च्या विटांच्या होत्या, खांब खजुराच्या बुंध्यांचे होते आणि वर झावळ्यांचे छप्पर होते. अजान देण्यासाठी पैगंबरांचे सहकारी बिलाल उंच छपरावर चढत असत, कारण मिनार अस्तित्वातच नव्हता. मक्केची दिशा दाखवणारा, भिंतीत कोनाड्यासारखा खोलगट मिहराबही तेव्हा नव्हता. 707 ते 709 या काळात उमय्या खलिफा अल-वलीद याच्या आज्ञेने मदिनेची मशीद नव्याने बांधली गेली, तेव्हा तेथे असा मिहराब आणि चारही कोपऱ्यांवर मनोरे आले. घुमट तर इस्लामपूर्व रोमन, बायझंटाईन आणि इराणी बांधकामात आधीपासूनच रुळलेला होता. तेव्हा घुमट-मिनार नसलेली गावची मशीद अपुरी किंवा उसनी मानण्याचे कारण नाही. तिचे नाते मदिनेतल्या झावळ्यांच्या छपराशी अधिक जवळचे आहे.

घर आणि मशीद यांतला फरक ओळखायचा असेल तर बाहेरच्या छपरापेक्षा आतल्या आडव्या विस्ताराकडे पाहावे. नमाजाच्या रांगेला ‘सफ’ म्हणतात आणि पहिल्या सफेत उभे राहण्याला विशेष महत्त्व आहे, त्यामुळे मशिदीचे दालन किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेच्या, भिंतीला समांतर असे लांब आणि त्यामानाने कमी खोल असते. एका सफेला सुमारे चार फूट जागा लागते. दालनाची खोली या मापाच्या पटीत बसते का, हे टेप लावून पाहता येते. दर्शनी बाजूच्या खणांची संख्या बहुधा तीन, पाच किंवा सात अशी विषम असते, म्हणजे मधला खण बरोबर मिहराबासमोर येतो. घरातले माजघर, देवघर, स्वयंपाकघर यांना वेगळे करणाऱ्या आडभिंतींच्या खुणा मशिदीत सापडत नाहीत, आणि मिहराबाच्या जागी भिंत बाहेरच्या अंगाला थोडी पुढे आलेली असते. हा बाहेरचा फुगवटा बांधतानाच चिऱ्यांत गुंफलेला असेल, तर ती वास्तू पहिल्या दिवसापासून मशीदच होती असे समजायला हरकत नाही. पुढे रूपांतर झाले असेल तर तो भाग मागाहून चिकटवल्यासारखा दिसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उभी सरळ सांधरेघ सापडते.

आता स्थानिक साहित्याची काही उदाहरणे पाहू. तुर्कस्तानात कास्तामोनूजवळ कासाबा नावाच्या गावी 1366 मध्ये बांधलेली महमूद बेची मशीद आहे. बाहेरून ती दगडी भिंतींची साधी, ठोकळ्यासारखी इमारत दिसते. आत गेल्यावर मात्र लाकडी खांब, तुळया आणि सज्जे यांच्यावर लाल, निळ्या रंगांतली बारीक वेलबुट्टी आढळते. लाकडाचे सांधे खिळ्यांविना, खाचा आणि कुसे यांनी जोडलेले असल्यामुळे तिला लोक ‘बिनखिळ्यांची मशीद’ म्हणतात. 2023 मध्ये युनेस्कोने अनातोलियातील ज्या पाच मध्ययुगीन लाकडी खांबांच्या मशिदींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत ही एका खेड्यातली मशीद आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. गावच्या सुताराची कामगिरी राजधानीच्या वास्तूंच्या पंक्तीला बसते, याचा हा उघड पुरावा आहे.

बंगालमध्ये दगड दुर्मीळ आणि माती मुबलक, म्हणून तिथे वीट आणि भाजलेल्या मातीची नक्षी आली. तिथल्या मशिदींच्या छपराची कड सरळ नसते, मधोमध उंच आणि दोन्ही टोकांना उतरती अशी वाकलेली असते. ही वक्रता बांबूच्या झोपडीवरून आली आहे. पाऊस झटकन निथळावा म्हणून झोपडीचे बांबू वाकवावे लागतात, आणि तोच आकार गवंड्यांनी विटांत आणि दगडांत उतरवला. सध्याच्या बांगलादेशातील कुसुंबा या गावची मशीद याचे उत्तम उदाहरण आहे. सहा घुमटांच्या, काळ्या दगडाने मढवलेल्या या मशिदीवर हिजरी 966, म्हणजे इ. स. 1558-59 असा काळ कोरलेला आहे. तिचे चित्र त्या देशाच्या पाच टक्यांच्या नोटेवरही आले. घुमट आहेत, दगड आहे, तरी कडेची ती वाकण झोपडीचीच आहे.

मुसळधार पावसाच्या किनारपट्टीवर उतरते छप्पर हेच शहाणपणाचे ठरते. कोझिकोडची चौदाव्या शतकात नाखुदा मिश्काल या व्यापाऱ्याने बांधलेली मशीद एकावर एक चढत जाणाऱ्या कौलारू छपरांची आहे. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी तिला आग लावली, तरी दुरुस्ती करताना लोकांनी पुन्हा लाकूड आणि कौलेच वापरली. गोव्यातील फोंड्याची साफा मशीद 1560 च्या सुमाराची, आदिलशाही काळातली; जांभ्याच्या भिंती, वर कौलारू छप्पर आणि शेजारी मशिदीपेक्षाही मोठा दगडी बांधणीचा तलाव अशी तिची रचना आहे. विजापुरात त्याच राजवटीने भव्य घुमट उभारले, पण फोंड्याच्या पावसात तिने कौलांचा आश्रय घेतला. काश्मीरमध्ये लाकडी ओंडके रचून केलेल्या भिंतींवर भूर्जाच्या सालीचे थर आणि माती पसरलेले उतरते छप्पर येते, कारण तिथे बर्फ आहे. जावा बेटावरील देमाक येथील पंधराव्या शतकातली मशीद चार प्रचंड खांबांवर तीन टप्प्यांचे छप्पर पेलते, आणि तिथल्या असंख्य गावमशिदींनी हाच नमुना उचलला.

प्रश्न : काही जुन्या मशिदींचे खांब, कमळे किंवा कणगीसारखे कळस मंदिरांतल्या कामासारखे दिसतात. यावरून त्या वास्तूच्या पूर्वरूपाबद्दल निष्कर्ष काढता येतो का?

उत्तर : केवळ साम्यावरून काढता येत नाही, आणि हे उत्तर मी शक्य तितक्या स्पष्टपणे देऊ इच्छितो, कारण या प्रश्नावर घाईने बोलल्याने गावांचे नुकसान होते. इतिहासात दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. दिल्लीच्या कुतुब परिसरातील मशिदीत 27 देवळांचे साहित्य वापरल्याचा उल्लेख खुद्द तिथल्या शिलालेखातच आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. दुसरीकडे, असंख्य ठिकाणी साम्य आले ते कारागीर एकच असल्यामुळे. ज्या पाथरवटाने आयुष्यभर कमळ घडवले, त्याला मशिदीच्या कमानीच्या खांद्यावर फूल घालायला सांगितले तर त्याच्या हातून कमळच उतरणार.

पोलंडमधील क्रुशिन्यानी या गावाचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. राजा यान तिसरा सोबिएस्की याने 1679 मध्ये आपल्या सैन्यातील तातार मुसलमानांना तिथे जमिनी दिल्या. अठराव्या शतकाच्या अखेरीची तिथली लाकडी मशीद दर्शनी बाजूच्या दोन मनोऱ्यांमुळे त्या मुलखातल्या लाकडी चर्चसारखी दिसते. ते चर्च कधीच नव्हते. त्या भागातल्या सुतारांना प्रार्थनेची वास्तू जशी बांधता येत होती तशी त्यांनी ती बांधली. शेजारच्या बोहोनिकी गावची मशीदही लाकडीच आहे, आणि 2012 मध्ये पोलंडने दोन्हींना राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा दिला.

मग दगड पुन्हा वापरलेला आहे की नव्याने घडवलेला, हे ओळखायचे कसे? पुन्हा वापरलेले खांब बहुधा मापाला कमी पडतात, म्हणून एकावर एक दोन तुकडे रचलेले दिसतात किंवा खाली वेगळ्या दगडाची उशी घातलेली असते. शेजारशेजारच्या खांबांची नक्षी एकमेकांशी जुळत नाही, काही दगडांवरची नक्षी मध्येच तुटते किंवा भिंतीच्या आत वळते, आणि जुन्या लोखंडी कड्यांची भोके निरुपयोगी अवस्थेत दिसतात. नव्याने घडवलेल्या कामात सर्व खांब एकाच उंचीचे, एकाच हाताचे आणि त्या दालनाच्या मापाला बेतलेले असतात. त्यातही लक्षात ठेवावे की पुन्हा वापरलेला दगड पडक्या वाड्यातला, बारवेतला, वेशीतला किंवा दुसऱ्या मशिदीतलाही असू शकतो. दगड कुठून आला, हे त्याच्या नक्षीवरून काही अंशी कळते. तो कसा आला, हे सांगायला लेखी पुरावा लागतो.

प्रश्न : होकायंत्र लावून पाहिले असता एका जुन्या मशिदीचा मिहराब मक्केच्या नेमक्या दिशेला नसून काही अंश सरकलेला आढळला. ही बांधणाऱ्यांची चूक समजावी का?

उत्तर : चूक समजू नये. जे काबागृह डोळ्यांनी पाहू शकत नाहीत त्यांनी त्याच्या दिशेकडे तोंड करावे, अशी अपेक्षा आहे, आणि ‘दिशा’ या शब्दात बरीच सवलत सामावलेली आहे. त्यामुळे थोड्या फरकाने नमाजाला बाध येत नाही, असेच बहुतेक धर्मशास्त्रज्ञांनी मानले आहे.

दिशा ठरवण्याच्या पद्धतीही ठिकठिकाणी वेगळ्या होत्या. कुठे सूर्य मावळण्याची बाजू, कुठे एखाद्या ताऱ्याचा उदय किंवा अस्त, कुठे आधीच्या मशिदीचे अनुकरण. स्पेनमधील कोर्दोव्याची 785-86 मध्ये बांधायला घेतलेली मशीद आजच्या हिशेबाने अपेक्षित दिशेपेक्षा बरीच दक्षिणेकडे वळलेली आहे, आणि तीही शतकानुशतके निर्वेध वापरात होती. दुसऱ्या टोकाला अल-बिरुनीसारखा गणिती होता. त्याने 1025 मध्ये गझनीहून मक्केची दिशा अचूक काढण्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि गोलीय त्रिकोणमिती वापरून अख्खा ग्रंथ लिहिला. गावातल्या गवंड्यापाशी बिरुनीचे गणित नव्हते. दख्खनमधून मक्का पश्चिमेला, साधारण दहा-अकरा अंश उत्तरेकडे झुकून येते, पण अनेक जुन्या मशिदी सरळ मावळतीकडे तोंड करून उभ्या आहेत. हा फरक वास्तूच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो: एकाच परिसरातल्या मशिदी एकाच प्रमाणात सरकलेल्या असतील, तर त्या एकाच परंपरेच्या किंवा एकाच काळाच्या असण्याचा तो धागा ठरतो.

होकायंत्राबद्दल एक सूचना. लोहचुंबकाची उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत अनेक प्रदेशांत फरक असतो, आणि जवळच्या लोखंडी खिडक्या किंवा सळ्यांमुळे काटा भरकटतो. त्यापेक्षा सूर्याची साक्ष खात्रीची. दरवर्षी 27-28 मे आणि 15-16 जुलै या दिवसांत सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर येतो. भारतीय वेळेप्रमाणे मे महिन्यात दुपारी 2 वाजून 48 मिनिटांनी आणि जुलैत 2 वाजून 57 मिनिटांनी मोकळ्या जागेत ओळंब्याने उभी केलेली काठी पाहावी. सावलीच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे ओढलेली रेघ मक्केकडे जाते. जुलैत आभाळ दाटलेले असण्याचा संभव असल्यामुळे मे महिन्याचा दिवस धरणे बरे.

प्रश्न : दारावर कोरलेल्या फार्सी लेखातील आकडा हाच मशिदीच्या बांधकामाचा काळ मानावा का?

उत्तर : लेख संपूर्ण वाचल्याशिवाय मानू नये. पहिली गोष्ट म्हणजे लेखात ‘बिना’ किंवा ‘तामीर’ असा बांधकामाचा शब्द आहे की ‘मरम्मत’ असा दुरुस्तीचा, हे पाहावे. विहीर, सराई किंवा वेस पडल्यावर तिच्यावरचा लेख जपण्यासाठी मशिदीच्या भिंतीत बसवल्याचीही उदाहरणे आढळतात, म्हणून लेखात कोणत्या वास्तूचा उल्लेख आहे तेही तपासावे लागते. काही लेखांत आकडा नसतोच; एखाद्या ओळीतल्या अक्षरांची ‘अबजद’ पद्धतीने बेरीज केली की वर्ष निघते. अलिफला 1, बेला 2, जीमला 3, दालला 4 अशी प्रत्येक अक्षराला किंमत असते. ‘बिस्मिल्ला’च्या पूर्ण वचनाची बेरीज 786 येते, ती याच हिशेबाने.

आकडा मिळाला तरी तो कोणत्या सनाचा, हा खरा कळीचा मुद्दा आहे. हिजरी वर्ष चांद्र असून सुमारे 354 दिवसांचे असते, म्हणून त्यात सरसकट 622 मिळवून चालत नाही. आधी 0.97 ने गुणावे आणि मग 622 मिळवावेत. कुसुंब्याच्या 966 ला हा हिशेब लावला की 1559 येते, म्हणजे उत्तर फार तर एका वर्षाने चुकते. दख्खनच्या कागदपत्रांत मात्र हिजरीबरोबर सुहूर आणि फसली हे सौर सनही वावरतात. सुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन मिळतो, फसलीत 590 किंवा 591. नुसता ‘1000’ हा आकडा घेतला तर तो हिजरी असल्यास 1591-92, सुहूर असल्यास 1599-1600 आणि फसली असल्यास 1590-91 होतो. मोडी कागदांत सुहूर वर्ष बहुधा अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असते: ‘इहिदे सबैन व अलफ’ म्हणजे एक, सत्तर आणि हजार, अर्थात 1071, म्हणजे इ. स. 1670-71. मशिदीच्या दिवाबत्तीसाठी किंवा मुल्ला, खतीब (शुक्रवारचे प्रवचन देणारा) यांच्या निर्वाहासाठी दिलेल्या इनामाचा कागद हाती आला, तर सनाचा प्रकार ठरवल्याशिवाय त्यावर एक ओळही लिहू नये.

लेखच नसेल तर इमारतीलाच विचारावे लागते. जोत्याचा दगड आणि वरच्या भिंतीचा दगड एकाच घडणीचा आहे का, भिंतीत उभी सांधरेघ कुठे आहे, कमानीची जात एकच आहे की दोन, दरजांत चुना आहे की सिमेंट, अशा खुणांवरून बांधकामाचे टप्पे उलगडतात. गावची मशीद क्वचितच एका दमात बांधलेली असते. लोकसंख्या वाढली की अंगणाच्या बाजूला एक खण वाढवला जातो, म्हणून जुना गाभा बहुधा किब्ल्याच्या भिंतीजवळ सापडतो. लाकडाचे वय शास्त्रीय कसोट्यांनी काढता येते, पण ते झाड तोडल्याचे वय असते; जुन्या वाड्याची तुळई आणून बसवली असेल तर इमारत लाकडाहून बरीच धाकटी निघेल.

प्रश्न : मिंबर, हौद आणि आवारातील कबरी यांपैकी मशिदीचा आवश्यक भाग कोणता?

उत्तर : काटेकोरपणे पाहिल्यास कोणताच नाही. मिंबर म्हणजे मिहराबाच्या उजव्या हाताला असलेले पायऱ्यांचे व्यासपीठ; शुक्रवारचा खुतबा, म्हणजे प्रवचन, जिथे होतो तिथेच ते लागते, आणि गावात ते बहुधा तीन पायऱ्यांचे असते. हौद किंवा वजूखाना शुद्धीसाठी सोयीचा असतो, पण विहीर, ओढा किंवा साधा मातीचा तांब्याही तेच काम करतो. कबरी आवारात आढळल्या तरी त्या मशिदीचा भाग नसतात; दर्गा ही समाधीची वास्तू आणि ईदगाह ही वर्षातून दोनदा मोठ्या जमावाने नमाज पढण्याची उघडी जागा, या दोन्ही वास्तू मशिदीहून वेगळ्या आहेत. मिहराबाच्या खोलगट आकाराचा एक उपयोग मात्र सहज लक्षात येत नाही. इमाम नमाजाच्या वेळी लोकांकडे पाठ करून उभा असतो, आणि ध्वनिवर्धक नसलेल्या काळात त्या कोनाड्यावर आदळून परत येणारा आवाज मागच्या सफांपर्यंत पोहोचत असे.

प्रश्न : आमची मशीद लहान पडते आणि भिंतींना लोणा लागला आहे. जुनी इमारत पाडून सिमेंट काँक्रीटची, घुमट आणि उंच मिनार असलेली नवी मशीद बांधावी, असा विचार चालू आहे. आपले मत काय?

उत्तर : जागा कमी पडते ही अडचण खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून वारशाचे धडे देणे बरोबर नाही. लोक उन्हात आणि पावसात बाहेर उभे राहत असतील तर विस्तार झालाच पाहिजे. माझी कळकळीची विनंती एवढीच आहे की लोणा आणि जागेची टंचाई हे दोन प्रश्न वेगळे करावेत, कारण पाडण्याचा निर्णय बहुधा हे दोन्ही एकत्र केल्यामुळे होतो.

लोण्याचे मूळ जमिनीतून चढणाऱ्या ओलीत असते. पाण्याबरोबर क्षार भिंतीत चढतात आणि पाणी वाळले की ते पृष्ठभागावर साठून दगड, वीट आणि गिलावा सोलून काढतात. जुन्या भिंतीत चुन्याचा गिलावा असतो तोवर ती ओल बाहेर पडत राहते. पुढे कोणीतरी सद्हेतूने सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग चढवतो. ओलीला वाट उरत नाही, ती आणखी वर चढते आणि जिथे दगड मऊ असेल तिथे फुटते. तेव्हा पहिला उपाय म्हणजे भिंतीच्या बुडाशी साचणारे पाणी आणि कौलांची पागोळी दूर नेणे, अंगणाची वाढलेली पातळी पुन्हा जोत्याखाली आणणे, सिमेंट काळजीपूर्वक उतरवणे आणि चुन्याचा गिलावा करणे. पाडण्याच्या खर्चापुढे हे काम फार लहान आहे, आणि पुष्कळदा एवढ्याने भिंत पुन्हा ठणठणीत होते.

निगराणी हाच वास्तूचा प्राण कसा असतो, हे मालीमधील जेने या गावात दिसते. 1907 मध्ये पुन्हा उभारलेली तिथली मातीची मोठी मशीद दरवर्षी गवंड्यांच्या देखरेखीखाली सारे गाव मिळून लिंपते. भिंतीतून बाहेर डोकावणारे लाकडी वासे शोभेसाठी आहेत असे वाटते, पण लिंपणाच्या वेळी तेच पायाड होतात. इमारत बांधतानाच तिच्या दुरुस्तीची सोय भिंतीत रोवून ठेवलेली आहे.

विस्तारासाठीही पाडणे हा एकमेव मार्ग नाही. नायजर देशातील यामा या खेड्यात फाल्के बार्मू या गवंड्याने 1962 मध्ये गावकऱ्यांच्या श्रमाने कच्च्या विटांची मशीद बांधली, आणि पुढच्या दोन दशकांत त्याच इमारतीवर मधला घुमट आणि कोपऱ्यांचे मनोरे चढवले. तिथे घुमटही आला आणि मनोरेही आले, पण ते गावच्या मातीतून आणि गावच्या हातांनी आले. 1986 मध्ये तिला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. जुने दालन किब्ल्याच्या बाजूला तसेच ठेवून अंगणात नवे, हलके, खांबांचे दालन जोडता येते. मधली भिंत पूर्ण न काढता तिची दारे उघडी ठेवली की सफा अखंड राहतात आणि जुनी वास्तूही वापरात राहते. वापरातून बाहेर काढलेली जुनी मशीद काही वर्षांतच अडगळीची खोली होते, म्हणून इमामाची जागा शक्यतो जुन्याच मिहराबापाशी ठेवावी, असे माझे मत आहे.

उंच मिनारांबद्दलही विचार व्हावा. अजान दूरवर ऐकू जावी म्हणून मिनार आला, आणि आता ते काम ध्वनिवर्धक करतो. साच्यातून काढलेले, कुठल्याही गावात सारखेच दिसणारे काँक्रीटचे घुमट-मिनार उभारण्यासाठी दोनशे वर्षांचे सागवानी खांब आणि हाताने घडवलेली कमान काढून टाकणे हा मला फार वाईट सौदा वाटतो. तो खर्च छप्पर, निचरा, वजूखाना आणि स्त्रियांसाठी नीट, उजेडाची, हवेशीर जागा यांवर व्हावा.

एवढे करूनही इमारत धोकादायक ठरली, छपराच्या तुळया कुजल्या किंवा पाया खचला, आणि ती उतरवावीच लागली, तर कामाला हात लावण्यापूर्वी चारही बाजूंची मापे घेऊन नकाशा काढावा, आतून-बाहेरून उजेडात छायाचित्रे घ्यावीत, लेखाचा ठसा घ्यावा आणि वास्तू संरक्षित यादीत आहे का याची चौकशी करावी. इमारत यंत्राने न पाडता सुतार आणि गवंडी यांच्या हाताने, वरून खाली, बांधली त्याच्या उलट क्रमाने उतरवावी. मिहराबाचे दगड, कोरीव खांब आणि दाराची चौकट नव्या इमारतीत त्याच दिशेला, त्याच क्रमाने बसवण्याचे आधीच ठरवावे. आणि काढलेल्या प्रत्येक खांबावर, तुळईवर आणि चिऱ्यावर पावसात न पुसणाऱ्या रंगाने क्रमांक घालून तोच क्रमांक नकाशावर त्याच जागी लिहावा.